वर्कशॉपमध्ये साप शिरला: बाजारातल्या साधनांची आणि सर्पमित्र सेवेची पारख

सापासाठीची खरेदी बहुतेक वेळा साप दिसल्यानंतर, त्याच रात्री, मोबाईलवर होते. प्लायवूडच्या थप्पीमागे शेपूट सरकताना दिसते आणि दहा मिनिटांत सापरोधक पावडर, अल्ट्रासॉनिक यंत्र आणि लांब दांड्याचा चिमटा मागवला जातो. या तिन्ही वस्तूंचा घरच्या वर्कशॉपला जवळजवळ उपयोग नाही. उपयोगाच्या वस्तू सापाच्या नावाने विकल्या जात नाहीत. त्या हार्डवेअरच्या दुकानात रबरपट्टी, वेल्डेड जाळी आणि सिमेंट या नावांनी मिळतात. साप आत असताना जे काम करायचे असते, ते विकत घेण्याच्या साधनाचे नाही, शिकलेल्या माणसाचे आहे.

वर्कशॉपचा प्रश्न राहत्या खोलीपेक्षा वेगळा आहे. खोलीत पलंग हलवला, कपाट पुढे ओढले की कोपरे संपतात. वर्कशॉपमध्ये टेबल सॉच्या पेटीचे पोट, कॉम्प्रेसरच्या टाकीखालची जागा, गुंडाळलेला होज, एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपांची उघडी तोंडे, भुश्श्याची पोती, जुने टायर, ताडपत्रीची घडी अशा शंभर जागा असतात. त्यात उंदीर असतात, कारण गोणपाट आणि चहाबरोबरची बिस्किटे असतात. ट्यूबलाइटवर किडे येतात, किड्यांवर पाली येतात. धामण आणि नाग उंदरांमागे येतात, कवड्या पालींमागे येतो. उन्हाळ्यात गार कोब्यासाठी आणि जूनच्या पहिल्या पावसात बिळांत पाणी भरल्यावर हेच शेड सापाला जवळचे आणि कोरडे वाटते.

आधी पिटाळून लावणाऱ्या वस्तू. कार्बोलिक ॲसिडची बाटली गावोगावच्या दुकानांत सापाचे औषध म्हणून मिळते. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. त्याच्या वासाने साप येत नाही हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण ते शिंपडलेल्या घरांतूनही साप पकडले जातात. धोका मात्र खरा आहे. फिनॉल कातडीवर पडले तर भाजते, आणि ती जागा बधिर होत असल्याने भाजल्याचे लवकर कळत नाही. ते कातडीतून शरीरातही शोषले जाते. लहान मुले वावरणाऱ्या घरात ही बाटली ठेवूच नये. काळे फिनाईल सापाच्या अंगावर ओतणे हा त्याहून वाईट प्रकार आहे. साप पोळतो, बिथरतो, अडचणीतून बाहेर येण्याऐवजी वाट फुटेल तिकडे धावतो, आणि नंतर त्याला पकडणाऱ्या माणसाचे काम दुप्पट धोक्याचे होते.

सापरोधक पावडरींत बहुधा गंधक आणि डांबरगोळीतले नॅप्थलीन असते. साप वास घेतो तो जिभेने कण टिपून, टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेऊन. त्याला हा वास कळत असेलही, पण लपायला जागा आणि खायला उंदीर असेल तर तो पावडरीची रेघ ओलांडतो. शिवाय गंधक आणि नॅप्थलीन दोन्ही पेट घेणारे पदार्थ आहेत. ग्राइंडरच्या किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे भिंतीकडेने त्यांची रेघ ओढणे चूक आहे.

अल्ट्रासॉनिक यंत्राबद्दल थोडक्यात सांगता येते. त्याचा आवाज २०,००० हर्ट्झच्या वरचा असतो, आणि सापाला ऐकू येतात ते काहीशे हर्ट्झचे खालचे आवाज आणि जमिनीतली कंपने. म्हणजे हा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मातीत खुपसायचे सौर कंपन-खुंटे मिळतात, ते निदान सापाला जाणवेल असे काही निर्माण करतात, पण काँक्रीटच्या कोब्यात ते खुपसता येत नाहीत. जिथे रोज कॉम्प्रेसर थरथरतो आणि कटर ओरडतो त्याच शेडमध्ये साप राहिलेला असतो. कंपनांना तो किती लवकर सरावतो हे यातूनच दिसते.

आता पाहण्याची साधने, ज्यांवर खर्च करणे योग्य आहे. पहिली वस्तू टॉर्च. झोत रुंद नको, अरुंद हवा, आणि तो जमिनीलगत आडवा टाकायचा. वरून मारलेल्या उजेडात साप आणि वायर सारखेच दिसतात. आडव्या उजेडात खवल्यांची चमक आणि अंगाची सावली वेगळी उठते. दुसरी वस्तू मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, जो गाड्या दुरुस्त करणारे वापरतात. टोक ५.५ किंवा ८ मिमी जाडीचे, पुढे एलईडी, आणि लांब वायर. यंत्राच्या पोटात, भिंत आणि कपाटाच्या मधल्या फटीत डोके न घालता पाहता येते. दोष दोन आहेत. साधारण ३ ते १० सेंटिमीटर अंतरावरचेच स्पष्ट दिसते, पलीकडचे अंधुक, आणि वायर लोंबकळते. म्हणून ती दीड मीटरच्या २० मिमी कंड्यूट पाइपला (विजेच्या वायरी घालायचा पाइप) चिकटपट्टीने बांधावी. हात लांब राहतो आणि टोक हवे तिथे नेता येते. अंगावरचा पट्टा दिसला की लगेच मागे घ्यावे. सापाला ढोसण्यासाठी तो कॅमेरा नाही. आणि त्या चित्रावरून सापाची जात ठरवू नये, कारण एलईडीखाली रंग पार बदलतात.

जातीचा घोळ दिवसाउजेडीही होतो. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत सगळ्यात जास्त. मण्यार काळीनिळी, चकचकीत, पांढरे आडवे पट्टे बहुधा जोडीने, मानेजवळ पुसट किंवा नसलेले आणि शेपटीकडे ठसठशीत. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेकडे स्पष्ट आणि शेपटीकडे विरत जाणारे. घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस यांतही तीच गफलत होते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार ती टाकते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड, बोथट असते. कोकणात चिऱ्यांच्या राशीत फुरसे असते, वीतभर-दीड वीत, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करणारे. इतके वाचूनही ओळख पक्की समजू नये. दिसलेला प्रत्येक साप विषारी धरून अंतर ठेवायचे: सापाच्या लांबीच्या दुप्पट, आणि लांबी कळत नसेल तर निदान दोन मीटर.

पकडण्याची साधने. लांब दांड्याचा चिमटा ऑनलाइन सहज मिळतो आणि घरगुती वापरासाठी तो सगळ्यात वाईट. ट्रिगर दाबला की जबड्याखाली किती जोर पडतो हे हाताला कळत नाही. घाबरलेला माणूस पूर्ण जोर लावतो, सापाच्या बरगड्या आणि मणका मोडतो. असा साप सोडल्यावर दिसायला ठीक असतो आणि पुढे काही दिवसांत मरतो. जाड अंगाच्या घोणशीला चिमट्यात लटकवले की ती पूर्ण ताकदीने उलटते. सर्पमित्र रुंद, मऊ जबड्याचा चिमटा अडचणीतून बाहेर काढण्यापुरता वापरतात, उचलण्यासाठी नाही, आणि मानेवर तर कधीच नाही.

हुक चांगला, पण तो शिकलेल्या हातात. साधारण मीटरभर दांडा, टोक बोथट, आकडा इतका रुंद की सापाचे मधले अंग त्यात मावेल. घरमालकाला त्याचा खरा उपयोग साप उचलण्यासाठी नसून आडोसे सरकवण्यासाठी आहे, आणि ते काम दोन मीटरच्या बांबूला ८ मिमी सळईचा आकडा वळवून बांधला तरी होते. फळी किंवा पत्रा उचलायचा असेल तर पलीकडची कड आकड्याने उचलून आपल्याकडे कलती करावी. मग फळीच मध्ये ढालीसारखी उभी राहते. आपल्याकडची कड उचलली तर साप थेट पायांशी निघतो.

पाइप आणि पिशवी हा संच या सगळ्यांत उत्तम, कारण त्यात सापाला धरावेच लागत नाही. साप अंधारे भोक शोधतो, आपण त्याला ते देतो. पीव्हीसी पाइपचा साठ ते नव्वद सेंटिमीटरचा तुकडा, बहुतेक सापांना ७५ किंवा ९० मिमी व्यासाचा, मोठ्या धामणीला ११० मिमीचा. काप कानसीने गुळगुळीत केलेला हवा, नाहीतर पोटाचे खवले सोलतात. पांढरा पाइप आतून उजळ दिसतो, म्हणून बाहेरून काळी टेप गुंडाळतात. पिशवी घट्ट विणीच्या सुती कापडाची, सुमारे दोन फूट बाय चार फूट, शिवण दुहेरी आणि बाहेरच्या बाजूला, कारण आत सुटलेल्या दोऱ्यात सापाचे दात अडकतात. पिशवीचे तोंड पाइपच्या मागच्या टोकाला बांधून पाइप भिंतीलगत कोपऱ्याकडे तोंड करून ठेवतात, मागून हुकने हलकेच वाट दाखवतात, शेपूट आत गेली की पाइप उभा करून पिशवीचा पीळ देतात. व्यास फार मोठा असला तर साप आतल्या आतच वळून परत तोंडाशी येतो, आणि सगळी चूक इथेच होते. दुसरी चूक, बंद केलेली पिशवी हातात किंवा खांद्याला लावून नेणे. नाग आणि घोणस कापडातून चावतात. पिशवी झाकणाच्या, भोके पाडलेल्या बादलीत ठेवलेली असली पाहिजे.

हा संच कितीही चांगला असला तरी घरमालकाने विकत घेऊन स्वतः प्रयोग करावा, असे आम्ही सुचवणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप मारणे किंवा बाळगणे गुन्हा आहे, आणि सराव नसलेल्या माणसाने पकडायला जाणे हेच दंशाचे मोठे कारण ठरते. वेल्डिंगचे चामडी हातमोजे घालून हात घालणारे बरेच असतात. घोणशीचे विषदंत दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. हातमोजा त्यांना हमखास थोपवत नाही, उलट बोटांची पकड आणि अंदाज दोन्ही जातात. गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट मात्र जरूर घ्यावेत. शोधाशोधीच्या वेळी पाय अडोशाच्या सगळ्यात जवळ असतात.

म्हणून खरी सेवा सर्पमित्राची. महाराष्ट्रात वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे आणि बहुतेक पोलिस ठाण्यांतही स्थानिक सर्पमित्रांचे क्रमांक असतात. ते साप येण्याआधी घेऊन, शटरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत. फोनवर तीन गोष्टी सांगाव्यात: साप शेवटचा कुठे दिसला, साधारण केवढा आणि कोणत्या रंगाचा, आणि ती जागा नेमकी काय आहे. ‘वर्कशॉपमध्ये आहे’ एवढ्याने काही कळत नाही. ‘टेबल सॉच्या पेटीत, खाली ब्लेडच्या बाजूला’ म्हटले की तो योग्य साधने घेऊन निघतो.

माणूस येईपर्यंतचे काम तुमचे. त्या यंत्राचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करा आणि बटणावर कोणी हात ठेवणार नाही हे पाहा. मोटरीच्या पंख्यात किंवा पट्ट्यात शिरलेला साप यंत्र सुरू होताच चिरडतो, आणि अर्धा तुटलेला सापही चावू शकतो. दिवे चालू राहू द्या. घरात उघडणारे दार बंद करून खालच्या फटीत ओले पोते दाबा. एकच माणूस लांबून नजर ठेवून उभा राहील, बाकीचे आणि कुत्रे बाहेर. नजर सुटली की पुढचे दोन तास वाया जातात, म्हणून हे काम सगळ्यात महत्त्वाचे. धूर करू नका, पेट्रोल किंवा रॉकेल ओतू नका. वर्कशॉपमध्ये थिनर, टचवूडसारखे लाकडाचे पॉलिश, स्प्रेचे डबे असतात. साप घालवायच्या नादात शेड पेटायला वेळ लागत नाही.

चांगला सर्पमित्र कसा ओळखायचा? पायात बूट असतात, हातात हुक आणि पिशवी असते. आल्यावर आधी उजेड आणि बाहेर पडायची वाट पाहतो, मग सामान हलवायला लागतो. शेपटीला धरून लोकांसमोर साप फिरवत नाही, मुलांना हात लावू देत नाही, फणा काढलेल्या नागाबरोबर फोटो काढत बसत नाही. दारू प्यायलेला असेल तर त्याला साप पकडू देऊ नये, इथे भीड धरू नये. पकडलेल्या सापाची वनविभागाकडे नोंद करतो आणि त्याच दिवशी, जवळच्याच योग्य जागी सोडतो. साप दूरच्या डोंगरात नेऊन सोडला म्हणजे त्याचे भले झाले असे लोकांना वाटते, पण अनोळखी जागेत त्याला बीळ आणि भक्ष्य सापडत नाही आणि तो बहुधा टिकत नाही. बरेच सर्पमित्र पैसे मागत नाहीत, पण रात्री दोन वाजता स्वतःच्या दुचाकीवर येणाऱ्या माणसाचा पेट्रोलचा खर्च आपणहून द्यावा. या संपूर्ण परीक्षणात पाचपैकी पाच द्यावेत अशी सेवा हीच. उणीव एकच: दर्जा माणसागणिक बदलतो.

साप सापडलाच नाही तर? असे वर्कशॉपमध्ये वारंवार होते. संध्याकाळी दारे, फटी आणि यंत्रांच्या पायांभोवती रांगोळीचा पातळ थर चाळणीने पसरावा आणि सकाळी पाहावे. सापाचा माग सलग नागमोडी किंवा सरळ पट्टा असतो. उंदराच्या पावलांच्या मधोमध शेपटीची रेघ दिसते. बाहेर जाणारा माग दिसला आणि पुढे तीन रात्री काही उमटले नाही, तर तो गेला असे धरायला हरकत नाही. ओल्या गोणपाटावर कोरडे गोणपाट टाकून भिंतीकडेला रात्रभर ठेवले तर कधी कधी साप त्याखाली येऊन बसतो. ते हमखास होत नाही, आणि सकाळी ते पोते हाताने उचलायचे नाही.

उंदरांसाठी लावलेल्या चिकट बोर्डाबद्दल सावध करायला हवे, कारण तो सापाचाही सापळा म्हणून सुचवला जातो. बिनविषारी छोटा साप त्यावर चिकटतो, सुटायला धडपडताना कातडी फाटते आणि तो तासन्‌तास तडफडतो. असा साप दिसला तर ओढू नये. चिकटलेल्या भागावर खाद्यतेल सोडले की गोंद सैल होतो, पण तेही सर्पमित्राने करावे. उंदरांसाठी पिंजरा लावा.

‘सर्पदंश किट’ नावाच्या पेटीत चोखणपंप, पाते आणि आवळायची दोरी असते. तिन्ही निरुपयोगी आणि हानिकारक आहेत. पंपाने विष निघत नाही, चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो, आवळलेल्या दोरीने हात-पाय गमावण्याची वेळ येते. दंश झाला तर अंगठी, घड्याळ, कडे काढायचे, चावलेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवायचा, वेळ लिहून ठेवायची, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचे. भारतातले बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. शंका असली तरी थांबायचे नाही.

राहिले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन: फटी बुजवण्याचे सामान. सापाचे पिल्लू ६ मिमीच्या फटीतून आत येऊ शकते, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पिल्लांचाच सुकाळ असतो. दाराखाली लावायच्या पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात, ब्रशची आणि रबराची. ब्रशची पट्टी खडबडीत कोब्यावर छान बसते, पण केसांमधून पिल्लू वाट काढते. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेले रबर अधिक भरवशाचे, फक्त ते जमिनीला सगळीकडे टेकले पाहिजे. कोबा उंचसखल असेल तर पट्टी कितीही चांगली असो, मधे खळगा राहतोच. तिथे दारात कडाप्प्याचा दीड-दोन इंचांचा उंबरा बसवून दार त्याला टेकेल असे करणे उत्तम. रबर उंदीर कुरतडतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी कोपरे पाहावेत. दाराजवळ भुसा साचू देऊ नये. बोटभर भुश्श्यानेही पट्टी उचलली जाते.

रोलिंग शटरला लोक तळपट्टीच तेवढी पाहतात. फट बहुधा दोन्ही बाजूंच्या गाईड चॅनलच्या तळाशी आणि वर ड्रमच्या पेटीत असते. वरची दुर्लक्षित राहते, कारण साप इतका चढेल असे वाटत नाही. कवड्या आणि तस्कर हे साप खरखरीत भिंत चढतात. पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथले प्रत्येक पन्हळ म्हणजे एक दार; तिथे नुसता स्प्रे फोम मारला तर उंदीर तो पोखरतात. आत लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंटचा गिलावा करावा. मोरीच्या तोंडाला आणि झरोक्यांना ६ मिमीची वेल्डेड जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) जाळी लावावी. षटकोनी कोंबडीजाळी नको. तिच्या भोकात मध्यम जाडीचा साप अडकून कापला जातो. नायलॉनच्या जाळीचेही तेच. पाइपांच्या रॅकमधली उघडी तोंडे प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करावीत, लाकूड जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून वीतभर दूर रचावे, भुश्श्याचे पोते आठवड्यात रिकामे करावे. ओल्या उबदार भुश्श्यात अंडी घातली जातात.

काम झाले की तपासणी रात्री करावी. आतले सगळे दिवे लावून, दारे आणि शटर बंद करून बाहेरून फेरी मारायची. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे खडूने खूण करायची, आणि मग ६ मिमीचे ड्रिल बिट घेऊन एकेक खूण तपासायची. बिट आत गेले की ती फट अजून उघडी आहे.